दहापैकी किती? जबड्याच्या सांध्याची वेदना मोजताना

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की हा दंतवैद्यांचा प्रांत, यात तत्त्वज्ञानाच्या माणसांनी कशाला तोंड घालावं? शंका रास्त आहे. तिचं उत्तर बोलता बोलता मिळेल अशी अपेक्षा ठेवून पुढे जाऊ.

सुरुवात पुस्तकापासून नको, आपल्या चेहऱ्यापासून करू. दोन्ही हातांचं एकेक बोट कानाच्या छिद्राच्या जरासं पुढे ठेवा. आता सावकाश तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली काहीतरी फिरलं, पुढे सरकलं, परत मागे गेलं, की नाही? तोच जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक कवटीच्या कानशिलाकडच्या हाडातल्या खोबणीत बसलेलं असतं, आणि दोघांच्या मध्ये एक छोटीशी चिवट चकती असते. दाराच्या बिजागरीसारखं फिरणं आणि ड्रॉवरसारखं पुढे सरकणं, अशी दोन कामं हा सांधा एकाच वेळी करतो. शिवाय डावा आणि उजवा असे दोन सांधे एकाच हाडाला जोडलेले. म्हणजे एकाने हालचाल केली की दुसऱ्याला बरोबर जावंच लागतं. आपण बोलतो, चावतो, गिळतो, जांभई देतो, तेव्हा हा सांधा राबत असतो.

या सांध्याचे आणि त्याला चालवणाऱ्या स्नायूंचे जे विकार आहेत, त्यांना वैद्यकात टेम्पोरोमँडिब्युलर विकार म्हणतात. नाव जड आहे. आपण जबड्याच्या सांध्याचे विकार म्हणू. हा एक आजार नाही, कुटुंब आहे. कुणाचे चावण्याचे स्नायू दुखतात, कुणाची चकती जागेवरून सरकते आणि तोंड उघडताना कट्कन आवाज येतो, कुणाचा जबडा अडकतो, कुणाच्या सांध्याची झीज होते. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानात दडे बसणं, कान दुखणं, डोकं दुखणं अशा तक्रारींचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला. त्याने दिलेली कारणं पुढे टिकली नाहीत. पण कानाचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाचा जबडाही तपासावा, ही गोष्ट टिकली.

चित्र एक सांगतं, माणूस दुसरं

आता अडचण कुठे आहे ते बघू. हाड मोडलं तर एक्स-रेमध्ये दिसतं. साखर वाढली तर रक्तात दिसते. जबड्याच्या सांध्याचं तसं नाही. असे पुष्कळ लोक असतात की ज्यांचा जबडा रोज वाजतो, एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसते, पण दुखत काहीच नाही. ते मजेत ऊस सोलून खातात. उलट असेही रुग्ण असतात की ज्यांच्या चित्रात काहीच वावगं नाही, पण भाकरीचा घास चावताना डोळ्यांत पाणी येतं. सांध्यातला बिघाड आणि वेदना यांचं गणित एकास एक जुळत नाही.

याचा व्यवहारातला परिणाम फार गंभीर असतो. चित्र स्वच्छ आलं की घरचे म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग कशाला एवढं मनावर घेतेस?" 'घेतेस' असं मुद्दाम म्हटलं. हे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये बरेच जास्त आढळतात, आणि तेही ऐन विशीपासून चाळिशीपर्यंतच्या वयात. म्हणजे ज्या वयात घर आणि नोकरी दोन्ही ओढायची असते, नेमकं तेव्हा. 'तुला दुखतंय' हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुखणाऱ्यावरच येऊन पडते. म्हणून वेदना किती आहे हे मोजायचं कसं, हा प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही. कोणावर विश्वास ठेवायचा आणि कशाच्या आधारावर, असा तो प्रश्न आहे. ज्ञानाची साधनं कोणती, हा तर आपल्याकडचा दोन हजार वर्षांचा प्रमाणचर्चेचा विषय. आता आम्ही इथे कसे, हे लक्षात आलं असेल.

बाहेरून मोजायचा प्रयत्न

माणसाच्या सांगण्यावर अवलंबून न राहता वेदना मोजता येईल का? हा प्रयत्न मोठ्या जिद्दीने झालेला आहे. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हार्डी, वुल्फ आणि गुडेल या तिघा संशोधकांनी वेदनामापक यंत्र बनवलं. कपाळावर काळा डाग काढायचा, त्यावर दिव्याची प्रखर उष्णता काही सेकंद सोडायची आणि ती वाढवत न्यायची. पहिले प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले. वेदनेतला जेमतेम जाणवेल असा फरक मोजत मोजत त्यांनी एक मोजपट्टी तयार केली आणि तिच्या एककाला नाव दिलं 'डोल'. पट्टीचं वरचं टोक साडेदहा डोल. जसा मीटर, जसा किलो, तसा डोल!

आज आपण कुणी दवाखान्यात जाऊन 'मला आठ डोल दुखतंय' म्हणत नाही. कारण काय झालं? इतर प्रयोगशाळांना तेच आकडे तसेच मिळेनात. आणि त्याहून मोठं कारण दुसऱ्या महायुद्धाने पुढे आणलं. हेन्री बीचर नावाचा हार्वर्डचा भूलतज्ज्ञ तेव्हा युरोपातल्या आघाडीवर होता. गंभीर जखमी झालेल्या, पण शुद्धीवर असलेल्या सैनिकांना त्याने विचारलं, की वेदनाशामक हवं का? सुमारे तीनचतुर्थांश सैनिकांनी नको म्हटलं. १९४६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. नंतर नागरी रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या लोकांशी त्याने तुलना केली, तेव्हा तिथे औषध मागणारे कितीतरी जास्त निघाले. बीचरचा अर्थ असा, की सैनिकाच्या लेखी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका. नागरिकाच्या लेखी शस्त्रक्रिया म्हणजे संकट. वेदना जखमेच्या आकारावर ठरत नाही, जखमेचा अर्थ काय लागतो यावरही ठरते. प्रयोगशाळेत कपाळ भाजणाऱ्या माणसाला माहीत असतं की हे दोन मिनिटांत संपणार. सहा महिने जबडा दुखणाऱ्याला ते माहीत नसतं.

मग यंत्रं निरुपयोगी का? तसं नाही. आज जबड्याच्या तपासणीत दाबमापक वापरतात. साधारण एक चौरस सेंटिमीटरचं रबरी टोक स्नायूवर ठेवायचं, दाब हळूहळू वाढवायचा, आणि 'नुसता दाब' संपून 'दुखणं' सुरू होईल त्या क्षणी रुग्णाने सांगायचं. या विकाराच्या रुग्णांत हा उंबरठा बहुधा खाली आलेला दिसतो. आणि बऱ्याच दीर्घकालीन रुग्णांत तो हातासारख्या दूरच्या जागीही खाली आलेला असतो. म्हणजे बिघाड फक्त सांध्यात नाही, वेदनेचा संदेश वाहणारी आणि त्याला लहानमोठं करणारी मज्जासंस्थाच जास्त हळवी झालेली असते. ही फार उपयोगी माहिती आहे. पण बारकाईने बघा. यंत्राने दाब मोजला, वेदना नाही. 'आता दुखलं' हे शेवटी माणसानेच सांगितलं.

सात म्हणजे नेमकं काय?

तर मग माणसालाच विचारू. सर्वांत सोपी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे: 'शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी सर्वांत वाईट वेदना, तुमची किती?' दुसरी पद्धत, शंभर मिलिमीटरची एक सरळ रेघ. एका टोकाला 'वेदना नाही', दुसऱ्या टोकाला 'असह्य', आणि रुग्णाने मध्ये कुठेतरी खूण करायची. मग पट्टीने मोजायचं. १९७४ मध्ये हस्किसन या डॉक्टरांनी या रेघेबद्दल लेख लिहिला आणि पुढे ती जगभर पसरली.

आता इथे एक जुनं भांडण आठवतं. १९३२ मध्ये ब्रिटनमधल्या विज्ञानसंस्थेने भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांची एक समिती नेमली. प्रश्न एवढाच की संवेदना मोजता येते का? आठ वर्षं चर्चा झाली, १९४० मध्ये शेवटचा अहवाल आला, आणि एकमत झालंच नाही. भौतिकवाले म्हणाले, दोन काठ्या टोकाला टोक लावून लांबीची बेरीज करता येते. दोन वेदना टोकाला टोक लावून कशा जोडणार? मग १९४६ मध्ये स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्यातून वाट काढली. तो म्हणाला, आकडे चार तऱ्हांनी वापरले जातात. नुसतं नाव म्हणून, जसा खेळाडूच्या पाठीवरचा क्रमांक. क्रम म्हणून, जसा शर्यतीतला पहिला-दुसरा. समान अंतर म्हणून, जसे सेल्सियसचे अंश. आणि खऱ्या शून्यापासूनचं प्रमाण म्हणून, जसं वजन.

वजनात चार किलो हे दोन किलोच्या दुप्पट. पण वीस अंश सेल्सियस हे दहा अंशांच्या दुप्पट उष्ण नाही. आणि क्रमाच्या आकड्यांत तर अंतरंही सारखी नसतात. खनिजांच्या काठिण्याची मोसची पट्टी शाळेत शिकलो, ती आठवा. कुरुविंद नऊ आणि हिरा दहा. आकडा एकाने वाढला. पण प्रत्यक्षात हिरा कुरुविंदाच्या कितीतरी पट कठीण आहे. ती एक पायरी खालच्या सगळ्या पायऱ्यांहून उंच.

वेदनेचे आकडे यांतले कुठले? क्रमाचे तर नक्कीच. त्याहून थोडे वरचेही असतील, पण वजनासारखे खात्रीने नव्हेत. यातून तीन व्यावहारिक नियम निघतात. पहिला, तुमचा सात आणि शेजारणीचा सात यांची तुलना करू नये. जिने बाळंतपणाच्या कळा सोसल्या तिचा 'दहा' आणि कॉलेजच्या मुलाचा 'दहा' एक कसे असतील? दुसरा, एकाच माणसाचा मागच्या महिन्यातला सात आणि आजचा चार यांची तुलना मात्र अर्थपूर्ण आहे, कारण पट्टी तीच आहे, निदान बरीचशी तीच. तिसरा, छोट्या फरकांनी हुरळून जाऊ नये. वेदनेच्या अभ्यासांत साधारण दोन आकड्यांची किंवा तीस टक्क्यांची घट झाली तर रुग्ण स्वतः म्हणतात की हो, फरक पडला. सातचं साडेसहा झालं म्हणून औषध लागू पडलं असं जाहीर करायचं कारण नाही.

आणखी एक भानगड आहे ती स्मरणाची. १९९६ मध्ये रेडेलमायर आणि कानमन यांनी आतड्याची तपासणी होत असलेल्या रुग्णांकडून मिनिटामिनिटाला वेदनेचा आकडा घेतला आणि नंतर एकंदर किती दुखलं ते विचारलं. लोकांच्या आठवणीत उरलं ते सर्वांत वाईट क्षणाचं आणि शेवटच्या काही मिनिटांचं दुखणं. तपासणी किती वेळ चालली याला आठवणीत फारशी जागाच नव्हती. म्हणून 'गेल्या महिन्यात किती दुखलं?' असा एकच प्रश्न पुरत नाही. आत्ता किती, सर्वांत जास्त किती, आणि एरवी साधारण किती, असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

आकड्यात न मावणारे शब्द

समजा दोघांनीही सहा सांगितलं. एकाला ठणका आहे, दुसऱ्याला चमक येते. हे एकच झालं का? रोनाल्ड मेल्झॅक या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाने हा प्रश्न मनावर घेतला. वेदना मेंदूकडे जाताना वाटेत एका दारासारख्या व्यवस्थेतून जाते आणि ते दार कमीजास्त उघडतं, हा सिद्धांत त्याने पॅट्रिक वॉलबरोबर १९६५ मध्ये मांडला होता. १९७५ मध्ये त्याने मॅकगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. काही शब्द वेदना कशी जाणवते ते सांगतात, काही ती मनाला काय करते ते सांगतात.

आपली मराठी याबाबतीत श्रीमंत आहे. दाढ ठणकते. गळू ठसठसतं. दात शिवशिवतात. कळ येते, चमक निघते, सणक जाते. तिडीक उठते. खांदा भरून येतो, मान आखडते, पायाला रग लागते. डोळे चुरचुरतात, काटा सलतो. हे समानार्थी शब्द नव्हेत. गळू ठसठसतं म्हटलं की आत नाडीबरोबर उडणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. रग लागली म्हटलं की दमलेला, ताणलेला स्नायू. जबड्याचा रुग्ण 'गाल भरून येतो, रग लागते' म्हणाला तर जाणत्या डॉक्टरचं लक्ष आधी स्नायूंकडे जाईल. 'क्षणभर विजेसारखी सणक जाते' म्हणाला तर चेहऱ्याच्या मज्जातंतूचा वेगळा विकार नाही ना, हे तपासावं लागेल. शब्दावरून निदान होत नाही, पण शोध कुठे सुरू करायचा ते कळतं. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर 'पेन होतंय' एवढ्यावर थांबू नका. आईच्या तोंडचा शब्द वापरा.

दुखणं म्हणजे अडणं

आता आपण सर्वांत महत्त्वाच्या टप्प्यावर आलो. १९९२ मध्ये मायकेल फॉन कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी दीर्घकालीन वेदनेची श्रेणी ठरवणारी सात प्रश्नांची प्रश्नावली मांडली. त्याच वर्षी ड्वॉर्किन आणि लरेश यांनी जबड्याच्या विकारांसाठी संशोधनाचे निकष प्रसिद्ध केले. २०१४ मध्ये त्यांची सुधारित, दवाखान्यात वापरायजोगी आवृत्ती आली. या निकषांची गंमत अशी की त्यांना दोन अक्ष आहेत. पहिल्या अक्षावर शरीर: स्नायू, सांधा, चकती. दुसऱ्या अक्षावर माणूस: वेदना किती, तिने काय अडलं, मन किती खचलं, चिंता किती, दात आवळायची सवय आहे का. दोन्ही अक्ष तपासल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं मानायचं नाही.

सात प्रश्नांचं गणित करून बघू, सोपं आहे. पहिले तीन प्रश्न मघाचेच: आत्ता, सर्वांत जास्त आणि साधारण. त्यांची सरासरी काढून दहाने गुणायचं. पुढचे तीन प्रश्न: रोजच्या कामात, लोकांत मिसळण्यात आणि नोकरी-घरकामात वेदनेने किती अडथळा आणला? त्याचीही तशीच सरासरी. सातवा प्रश्न: गेल्या सहा महिन्यांत किती दिवस नेहमीची कामं करता आली नाहीत?

दोन काल्पनिक रुग्ण घेऊ. पहिल्याचे वेदनेचे आकडे चार, आठ आणि सहा. सरासरी सहा, म्हणजे साठ. अडथळ्याचे आकडे एक, दोन, शून्य; म्हणजे दहा. कामाचे बुडालेले दिवस तीन. दुसरीचे वेदनेचे आकडे तीन, सहा, तीन; म्हणजे चाळीस. अडथळ्याचे सहा, सात, पाच, म्हणजे साठ. बुडालेले दिवस वीस. नुसती वेदना बघितली तर पहिल्याचं दुखणं मोठं. पण नियमानुसार अडथळ्याच्या साठला दोन गुण आणि वीस दिवसांना दोन गुण; चार गुण झाले की श्रेणी तिसरी. पहिल्याला अडथळ्याचा गुणच नाही. पन्नासच्या वर वेदना, पण आयुष्य चालू आहे, म्हणून श्रेणी दुसरी. चार श्रेण्यांत दुसरीचं दुखणं वरचं ठरलं! तिचे आकडे लहान होते, पण तिचं अडलं जास्त होतं.

इथे आम्हाला न्यायदर्शनाची आठवण होते. गौतमाच्या सूत्रांत दुःखाचं लक्षण सांगताना 'बाधना' हा शब्द आला आहे: बाधा, अडवणूक, पीडा. दुःख कशावरून ओळखायचं, तर ते बाधा आणतं यावरून. आधुनिक प्रश्नावली बनवणाऱ्यांनी न्यायसूत्रं वाचली होती असा दावा आम्ही मुळीच करत नाही. दोन वेगळ्या वाटांनी माणसं एकाच ठिकाणी पोचली, इतकंच. वेदना आत असते, पण बाधा जगात दिसते. जांभई अर्धीच देता येते, भाकरी कुस्करून खावी लागते, लग्नात चकली नको म्हणावं लागतं, फोनवर मैत्रिणीशी दहा मिनिटांच्या वर बोलवत नाही, मोठ्याने हसताना हात गालाकडे जातो. जबड्याच्या कार्यमर्यादेची एक वेगळी प्रश्नावलीच आहे. ती चावणं, तोंड उघडणं आणि बोलून-हसून भावना व्यक्त करणं, यांबद्दल नेमकं असंच विचारते.

'हेच ते'

पहिल्या अक्षावरची, म्हणजे शरीराची तपासणी कशी होते तीही ऐकण्यासारखी आहे. गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूवर बोटाने सुमारे एक किलो दाब दोन सेकंद द्यायचा. किती किलो ते हाताला कळावं म्हणून आधी यंत्रावर सराव करायचा. मग विचारायचं, दुखलं का? हो म्हटलं, तरी तेवढ्यावर निदान नाही. कारण जोरात दाबलं तर कुणाचंही दुखेल. पुढचा प्रश्न विचारायचाच: गेल्या महिनाभरात तुम्हाला जे दुखतं, ते हेच का? 'हो, हेच ते' असं उत्तर आलं तरच ती खूण धरायची.

'हाच तो देवदत्त' हे आपल्या शास्त्रकारांचं ओळखीचं, म्हणजे प्रत्यभिज्ञेचं, ठरलेलं उदाहरण आहे. पूर्वी पाहिलेला आणि आत्ता दिसणारा एकच, ही ओळख. इथे निदान करणाराचं बोट बाहेर आहे, पण ओळख पटवणारा साक्षीदार आत आहे. एकाने दुसऱ्याशिवाय पुढे जाता येत नाही.

म्हणूनच रुग्णाचं सांगणं हा नाइलाजाने स्वीकारलेला दुय्यम पुरावा नव्हे. नैयायिकांच्या भाषेत बोलायचं तर स्वतःचं सुख-दुःख मानस प्रत्यक्षाने कळतं. दुसऱ्याचं कळतं ते त्याच्या वागण्यावरून अनुमानाने आणि त्याच्या शब्दावरून. आणि शब्द हे स्वतंत्र प्रमाण आहे, बोलणारा जाणता आणि खरं सांगणारा असेल तर. स्वतःच्या वेदनेबद्दल वेदना होणाऱ्याहून जाणता कोण? वेदनेच्या अभ्यासाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणात वेदना ही नेहमी ज्याची त्याची असते आणि माणसाने वेदना होते असं सांगितलं तर त्याचा मान राखला पाहिजे, असं स्पष्ट नोंदवलं. त्याच व्याख्येत वेदनेचा ऊतींच्या इजेशी संबंध प्रत्यक्ष असेल किंवा तशासारखा भासणारा असेल, दोन्ही वेदनाच, हेही आलं. रिपोर्ट नॉर्मल असला तरी दुखू शकतं, हे आता व्याख्येतच आहे.

चुकीचं मोजलं तर काय बिघडतं?

बिघडतं, आणि दोन्ही बाजूंनी. वेदना कमी मोजली तर माणूस उपचाराविना, अविश्वासाच्या वजनाखाली राहतो. पण केवळ आकडा मोठा म्हणून उपचारही मोठा, हेही घातक. १९८० च्या दशकात अमेरिकेत जबड्याच्या सांध्यातली चकती काढून तिथे टेफ्लॉनचा थर असलेलं प्रोप्लास्टचं रोपण बसवण्याची चाल पडली. हजारो लोकांना ती बसवली गेली. चावण्याच्या दाबाखाली त्यांचा चुरा होऊ लागला, त्या कणांविरुद्ध शरीर पेटून उठलं, आणि कित्येकांची सांध्याची हाडं झिजली. १९९०-९१ मध्ये ती बाजारातून परत मागवावी लागली. वेदना सांध्यात आहे म्हणून दोष सांध्यातच असणार आणि तो कापून काढला की वेदना जाणार, या सरळ समीकरणाची ती किंमत होती.

पुढे अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, ओपेरा या नावाचा. जबड्याचा विकार नसलेल्या १८ ते ४४ वयाच्या दोन हजार सातशेहून अधिक लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. दर वर्षी शंभरात सुमारे चौघांना हा विकार नव्याने झाला. कुणाला होणार याचा अंदाज बांधायला शरीरातल्या इतर वेदना आणि एकंदर प्रकृतीच्या तक्रारी फार उपयोगी पडल्या. म्हणजे दुसरा अक्ष हा शोभेचा नाही. आज अमेरिकेची राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थाही सांगते, की आधी साधे आणि उलटवता येणारे उपाय करा: मऊ आहार, शेक, जबड्याला विश्रांती, हलके व्यायाम, गरजेपुरतं औषध. दात कायमचे घासून चावा बदलणं किंवा शस्त्रक्रिया यांची घाई नको.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. वेदनेची तीव्रता आणि आजाराचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालताना, जिना चढताना जबड्यात दुखू लागलं आणि थांबल्यावर कमी झालं, तर ते हृदयाचं असू शकतं, मग आकडा दोन का असेना. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच चावताना जबडा दुखू लागला, सोबत कानशिलाला डोकेदुखी आणि दिसण्यात फरक असला, तर तो रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार असू शकतो आणि दृष्टी जाण्याचा धोका असतो. तिथे मोजत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा.

दोन प्रश्न

चिठ्ठ्यांमधून आलेले दोन प्रश्न घेऊ. पहिला: 'मेंदूच्या स्कॅनने वेदना थेट मोजता येणार नाही का?' स्कॅनमध्ये मेंदूच्या अमुक भागातली हालचाल दिसते. ती वेदनेची आहे हे आपल्याला कसं कळलं? आधी शेकडो लोकांना विचारून, की आत्ता दुखतंय का. स्कॅनला वाचायला शिकवलं माणसाच्या शब्दाने. मग उद्या दोघांत मतभेद झाला तर शिष्याचं खरं मानून गुरूला खोटं कसं ठरवणार?

दुसरा: 'लोक वाढवून सांगतात, त्याचं काय?' काही सांगतात. काही जण, विशेषतः आपल्या घरांतल्या बायका, कमी करून सांगतात, त्याबद्दल चिठ्ठी कुणी पाठवत नाही. खोटं बोलणारे आहेत म्हणून शब्द हे प्रमाण टाकून देता येत नाही; तसं केलं तर डोळ्यांना कधीतरी भास होतो म्हणून प्रत्यक्षही टाकावं लागेल. शब्दाची पारख करायची ती आणखी विचारून: आत्ता किती, एरवी किती, काय अडलं, कुठे दुखतं, दाबल्यावर 'हेच ते' म्हणता का. सात प्रश्न त्यासाठीच आहेत.

जाता जाता एक काम सांगतो आणि थांबतो. घरात कुणाचा जबडा दुखत असेल तर पंधरा दिवस एका वहीत रोज रात्री चार गोष्टी लिहायला सांगा: आत्ताचा आकडा, दिवसातला सर्वांत मोठा आकडा, दुखण्याला आपला शब्द, आणि आज काय करता आलं नाही. ती वही घेऊन दंतवैद्याकडे जा. आणि तोवर, 'दहापैकी किती?' असं विचारल्यावर जे उत्तर येईल त्याला लगेच 'इतकं?' म्हणू नका. पुढचा प्रश्न विचारा.